एसएसडीची देखभाल आपोआप व्हावी म्हणून: गोव्यातल्या घरच्या संगणकासाठी

एसएसडी, म्हणजे फिरत्या तबकडीऐवजी चिपवर माहिती साठवणारी ड्राइव्ह, बिघडण्याआधी आवाज करत नाही. जुनी हार्ड डिस्क निदान कुरकुरायची, फाइल उघडायला वेळ लावायची, म्हणजे दोन दिवस आधी सावध होता यायचे. एसएसडी काल रात्री नीट चालत असते आणि आज सकाळी बायोसच्या (संगणक लावल्यावर सर्वात आधी चालणाऱ्या मूळ प्रोग्रामच्या) यादीतही दिसत नाही. त्यामुळे तिची देखभाल कोणाच्या आठवणीवर सोडून चालत नाही.

बरीचशी देखभाल विंडोज स्वतःच करते, हे खरे. पण ती काही अटींवर करते: संगणक चालू हवा, विजेवर हवा आणि त्या वेळी त्यावर कोणी काम करत नसावे. आपल्याकडच्या घरांत या तिन्ही अटी एकत्र जुळणे कठीण. रात्री झोपताना संगणक बंद होतो आणि भिंतीवरचे बटणही बंद होते. पावसाळ्यात गडगडाट सुरू झाला की प्लगच काढून ठेवतात. लॅपटॉप असेल तर तो दिवसभर बॅटरीवर, काम झाले की झाकण बंद. मग ‘आपोआप’ होणारे काम तीन-तीन महिने होतच नाही आणि कोणाला पत्ताही लागत नाही. म्हणून इथे तीन गोष्टी करायच्या आहेत: काम घरातल्या वेळापत्रकाप्रमाणे लावायचे, ते झाल्याचा पुरावा कुठे बघायचा ते ठरवायचे, आणि बिघाडाची चाहूल लागताच पडद्यावर काहीतरी उघडेल अशी सोय करायची. पायऱ्या विंडोज १० आणि ११ च्या आहेत. लिनक्स आणि मॅकबद्दल शेवटाकडे थोडक्यात लिहिले आहे.

ट्रिम म्हणजे काय आणि ते का लागते

एसएसडीतल्या चिपवर माहिती छोट्या पानांत लिहिली जाते, पण पुसताना एक पान पुसता येत नाही. शेकडो पानांचा अख्खा ब्लॉकच पुसावा लागतो. तुम्ही एखादी फाइल उडवली की विंडोज फक्त आपल्या नोंदवहीतले तिचे नाव काढते. ती जागा आता मोकळी आहे हे वेगळे सांगितल्याशिवाय ड्राइव्हला कळत नाही. ती कचऱ्यालाही चांगला माल समजून इकडून तिकडे हलवत बसते. त्यात वेळ जातो आणि लिहिण्याची मर्यादित क्षमता फुकट खर्च होते. ‘अमुक पाने आता नकोत’ असे विंडोजने ड्राइव्हला कळवणे म्हणजे ट्रिम. कळल्यावर ड्राइव्ह फावल्या वेळात ते ब्लॉक पुसून तयार ठेवते.

फाइल उडवता क्षणी विंडोज हा निरोप पाठवतेच. पण ड्राइव्ह कामात गुंतलेली असेल तर काही निरोप गळतात. म्हणून आठवड्यातून एकदा सगळ्या मोकळ्या जागेची यादी पुन्हा पाठवली जाते. त्याला विंडोज ‘रीट्रिम’ म्हणते. आपल्याला जे नियमित करायचे आहे ते हेच.

याची दुसरी बाजूही आधीच समजून घ्या. ट्रिम झालेल्या जागेवरची फाइल परत मिळत नाही, रिसायकल बिन रिकामी केल्यावर तर नाहीच. हार्ड डिस्कच्या काळात डेटा रिकव्हरीवाला निम्मे फोटो तरी काढून द्यायचा. एसएसडीच्या बाबतीत ती आशा धरू नका. बॅकअपचा भाग म्हणूनच या लेखात आहे.

आधी आहे ते तपासा

स्टार्टच्या शोधपट्टीत ‘डीफ्रॅग’ असे इंग्रजी अक्षरांत टाइप करा आणि ‘डीफ्रॅगमेंट अँड ऑप्टिमाइझ ड्राइव्ह्ज’ उघडा. एका ओळीत एक ड्राइव्ह दिसेल. त्या ओळीतले तीन रकाने नीट वाचा.

‘मीडिया टाइप’खाली ‘सॉलिड स्टेट ड्राइव्ह’ लिहिलेले हवे. एसएसडी असूनही तिथे ‘हार्ड डिस्क ड्राइव्ह’ दिसत असेल तर थांबा, कारण विंडोज तिला हार्ड डिस्क समजून डीफ्रॅग करील (फाइलींचे विखुरलेले तुकडे जुळवील), म्हणजे फायद्याशिवाय गिगाबाइटच्या गिगाबाइट उगाच लिहील. यूएसबीच्या डबीत बसवलेल्या एसएसडीबाबत हे बरेचदा होते, कारण डबीतली स्वस्त चिप ड्राइव्हची खरी ओळख पुढे सांगत नाही. अशी ड्राइव्ह वेळापत्रकातून काढून टाका: ‘चेंज सेटिंग्ज’, मग ‘चूज’, आणि तिच्यापुढची खूण काढा.

‘लास्ट अ‍ॅनलाइझ्ड ऑर ऑप्टिमाइझ्ड’मध्ये तारीख असते. ‘करंट स्टेटस’मध्ये ‘ओके’ आणि कंसात शेवटच्या रीट्रिमला किती दिवस झाले तो आकडा. हा आकडा सातच्या आसपास किंवा कमी असेल तर वेळापत्रक चालते आहे. चाळीस, नव्वद किंवा ‘नेव्हर रन’ दिसले तर पुढचे सगळे तुमच्यासाठीच आहे.

त्याच खिडकीत ‘चेंज सेटिंग्ज’मध्ये ‘रन ऑन अ शेड्यूल’वर खूण असू द्या आणि ‘फ्रीक्वेन्सी’ ‘वीकली’ ठेवा. ‘डेली’ करून काही कमावत नाही. तीन वेळा काम चुकले तर त्याला अग्रक्रम देण्याची एक खूण तिथेच आहे, ती मात्र जरूर लावा.

आता ट्रिमचा निरोप मुळात पाठवला जातो का ते बघा. कमांड प्रॉम्प्ट ‘रन अ‍ॅज अ‍ॅडमिनिस्ट्रेटर’ने उघडून ‘एफएसयूटिल बिहेवियर क्वेरी डिसेबलडिलीटनोटिफाय’ ही आज्ञा द्या (अर्थातच इंग्रजी अक्षरांत, आणि शेवटचा लांबलचक शब्द मध्ये जागा न सोडता). उत्तर ० आले तर ट्रिम चालू आहे, १ आले तर बंद. इथे अनेकांची गल्लत होते. आज्ञेच्या नावातच ‘डिसेबल’ असल्यामुळे शून्याचा अर्थ ‘बंद केलेले नाही’ असा होतो. १ आले तर तीच आज्ञा ‘क्वेरी’च्या जागी ‘सेट’ घालून आणि शेवटी जागा सोडून ० लिहून पुन्हा द्या.

रात्री दोन ही वेळ आपल्या कामाची नाही

विंडोजची स्वयंचलित देखभाल मूळ सेटिंगप्रमाणे रात्री दोन वाजता ठेवलेली असते. वेळ चुकली तर नंतर संगणक चालू पण रिकामा असताना ती करायचा प्रयत्न होतो. घरचा संगणक मात्र काम असते तेव्हाच लावला जातो, त्यामुळे रिकामा वेळ फारसा मिळत नाही.

कंट्रोल पॅनलमध्ये ‘सिस्टिम अँड सिक्युरिटी’, मग ‘सिक्युरिटी अँड मेंटेनन्स’, तिथे ‘मेंटेनन्स’चा भाग उलगडा आणि ‘चेंज मेंटेनन्स सेटिंग्ज’वर जा. वेळ बदलून अशी ठेवा की संगणक चालू असतो पण समोर कोणी नसते. बहुतेक घरांत ती जेवणाची वेळ, रात्री नऊच्या आसपास. देखभालीसाठी संगणकाला झोपेतून उठवण्याची खूण खाली आहे, ती काढून ठेवा. बंद खोलीत किंवा पिशवीत ठेवलेला लॅपटॉप मध्यरात्री जागा होऊन तापत राहण्यात काहीच फायदा नाही.

एवढ्यानेही शेवटच्या रीट्रिमच्या दिवसांचा आकडा सातच्या आत येत नसेल तर स्वतःचे टास्क लावा. आमच्या मते गोव्यातल्या घरी हाच भरवशाचा मार्ग, कारण चुकलेले काम संगणक लागताच उरकून घ्यायला याला सांगता येते.

रीट्रिमचे स्वतःचे टास्क

टास्क शेड्युलर (ठरलेल्या वेळी कामे चालवणारे विंडोजचे साधन) उघडा. उजवीकडे ‘क्रिएट बेसिक टास्क’ आणि ‘क्रिएट टास्क’ असे दोन पर्याय दिसतात. दुसरा घ्या, पहिल्यात लागणाऱ्या खुणा एकत्र मिळत नाहीत.

१. ‘जनरल’ पानावर नाव द्या, उदाहरणार्थ ‘साप्ताहिक रीट्रिम’. ‘चेंज यूजर ऑर ग्रुप’वर जाऊन इंग्रजीत ‘सिस्टिम’ टाइप करा आणि ‘चेक नेम्स’ दाबा. यामुळे पासवर्ड बदलला तरी टास्क अडत नाही. ‘रन विथ हायेस्ट प्रिव्हिलेजेस’वर खूण करा.

२. ‘ट्रिगर्स’मध्ये ‘न्यू’, ‘वीकली’, वार रविवार, वेळ सकाळी अकरा. मुलांचा अभ्यास किंवा ऑनलाइन वर्ग ज्या दिवशी नसतो तो वार निवडा.

३. ‘अ‍ॅक्शन्स’मध्ये ‘न्यू’, ‘स्टार्ट अ प्रोग्राम’. ‘ब्राउझ’ दाबून सी ड्राइव्हवरच्या विंडोज फोल्डरमधल्या ‘सिस्टिम३२’मध्ये जा आणि ‘डीफ्रॅग’ नावाचा प्रोग्राम निवडा. त्याखालच्या ‘अ‍ॅड आर्ग्युमेंट्स’ चौकटीत लिहायचे ते असे: सी अक्षर, लगेच कोलन, मग एक मोकळी जागा, मग पुढे झुकलेला स्लॅश आणि एल अक्षर.

४. ‘कंडिशन्स’मध्ये विजेवर असतानाच चालवण्याची खूण असू द्या. ‘वेक द कॉम्प्युटर’ नको.

५. ‘सेटिंग्ज’मध्ये ‘रन टास्क अ‍ॅज सून अ‍ॅज पॉसिबल आफ्टर अ शेड्यूल्ड स्टार्ट इज मिस्ड’वर खूण करा. रविवारी वीज गेली किंवा घरचे सगळे जत्रेला गेले असले तर सोमवारी संगणक लावल्यावर काम होऊन जाते. ही खूण राहिली तर बाकीची सगळी मेहनत वाया.

तिसऱ्या पायरीतला एल नीट तपासा. तो विसरला तर डीफ्रॅग हा प्रोग्राम आपल्या मूळ कामाला लागतो, म्हणजे जुन्या पद्धतीने फाइलींचे तुकडे जुळवू लागतो, आणि ते दर रविवारी एसएसडीवर होत राहते. एलच्या जागी एकचा आकडा किंवा कॅपिटल आय पडणे हीदेखील नेहमीची चूक. तेव्हा टास्क तत्काळ चूक दाखवून संपते आणि कोणी बघितले नाही तर तसेच राहते.

टास्क तयार झाल्यावर त्यावर उजवे क्लिक करून ‘रन’ दाबा. मिनिटभराने ‘रिफ्रेश’ करा आणि ‘लास्ट रन रिझल्ट’ बघा. कंसात ०एक्स० दिसले की झाले. दुसरा कुठलाही आकडा आला तर आधी तिसरी पायरी आणि मग पहिल्या पायरीतली शेवटची खूण तपासा. चुका जवळजवळ नेहमी याच दोन ठिकाणी निघतात.

डी ड्राइव्ह त्याच एसएसडीचा भाग असेल तर तिच्यासाठी ‘अ‍ॅक्शन्स’मध्ये दुसरी नोंद घाला. डी ही वेगळी जुनी हार्ड डिस्क असेल तर तिला इथे आणू नका.

झाल्याचा पुरावा

‘इव्हेंट व्ह्यूअर’ (विंडोजने केलेल्या नोंदी दाखवणारे साधन) उघडा, ‘विंडोज लॉग्ज’मधून ‘अ‍ॅप्लिकेशन’वर जा, ‘फिल्टर करंट लॉग’ दाबा आणि इव्हेंट आयडीच्या चौकटीत २५८ लिहा. ‘डीफ्रॅग’ या स्रोताच्या नोंदी पुढे येतील. एखादी उघडली की सी ड्राइव्हवर ‘रीट्रिम’ यशस्वी झाल्याचे वाक्य दिसते. वाक्यात ‘डीफ्रॅगमेंटेशन’ असेल तर वरची एलवाली चूक झाली आहे का ते बघा. मात्र ‘सिस्टिम रिस्टोर’ (मागच्या स्थितीला परत जाता यावे म्हणून जुन्या प्रती ठेवणारी सोय) चालू असेल तर विंडोज स्वतःहून अधूनमधून एसएसडीवरही थोडे डीफ्रॅग करते. फाइलींचे तुकडे फार वाढले की त्या जुन्या प्रतींचे काम मंदावते, म्हणून ही व्यवस्था आहे. ती बंद करायची गरज नाही.

जागा मोकळी ठेवणे

ड्राइव्ह काठोकाठ भरलेली असेल तर ट्रिम करूनही फारसा उपयोग नाही, कारण ब्लॉक हलवायला जागाच उरत नाही. १५ टक्के मोकळी ठेवा. २४० जीबीची म्हणून घेतलेली ड्राइव्ह विंडोजमध्ये सुमारे २२३ जीबी दिसते, म्हणजे साधारण ३३ जीबी रिकामी हवी.

‘सेटिंग्ज’, ‘सिस्टिम’, ‘स्टोरेज’, ‘स्टोरेज सेन्स’. ते चालू करा आणि ‘एव्हरी मंथ’ निवडा. रिसायकल बिन ३० दिवसांवर ठेवा. चौदा किंवा एक दिवस नको, कारण चुकून उडवलेली फाइल आठवायला लोकांना दोन-तीन आठवडे लागतात. ‘डाउनलोड्स’ फोल्डरच्या पुढे ‘नेव्हर’च राहू द्या. पंचायतीतून ईमेलने आलेला दाखला, विजेचे बिल, मुलीचे हॉल तिकीट, सगळे घरोघरी डाउनलोड्समध्येच पडलेले असते. ते आपोआप उडाले आणि रविवारी रीट्रिमही होऊन गेले, की परत मिळवायचा रस्ता संपला.

ड्राइव्हवरचे लिखाण वाचवण्यासाठी इंटरनेटवर अजूनही फिरणाऱ्या जुन्या सल्ल्यांपैकी पेज फाइल बंद करणे, इंडेक्सिंग बंद करणे, ब्राउझरची कॅशे रॅममध्ये नेणे यांत पडू नका. ५०० जीबीच्या अनेक टीएलसी (चिपच्या एका पेशीत तीन बिट साठवणाऱ्या) ड्राइव्हना ३०० टेराबाइट लिखाणाची हमी असते. घरी रोज २० जीबी लिहिले, जे बऱ्यापैकी जास्त आहे, तरी वर्षाला ७.३ टेराबाइट होतात. त्या हिशेबाने चाळीस वर्षे लागतील. घरची ड्राइव्ह लिहून लिहून झिजण्याआधी विजेच्या झटक्याने, उष्णतेने किंवा फर्मवेअरच्या (ड्राइव्हच्या आतच असलेल्या प्रोग्रामच्या) दोषाने जाण्याची भीती खूप जास्त. लक्ष तिकडे द्या.

प्रकृतीचे आकडे

विंडोज ११ मध्ये एनव्हीएमई (सहसा थेट मदरबोर्डवर बसणारी, वेगवान) ड्राइव्ह असेल तर ‘सेटिंग्ज’, ‘सिस्टिम’, ‘स्टोरेज’, ‘अ‍ॅडव्हान्स्ड स्टोरेज सेटिंग्ज’, ‘डिस्क्स अँड व्हॉल्यूम्स’ इथून ड्राइव्हच्या ‘प्रॉपर्टीज’मध्ये गेल्यावर उरलेले आयुष्य, राखीव जागा आणि तापमान दिसते. साटा (सहसा केबलने जोडायच्या, जुन्या पद्धतीच्या) ड्राइव्हला किंवा विंडोज १० वर ही सोय मिळत नाही. तिथे क्रिस्टलडिस्कइन्फो हे मोफत साधन घाला. त्याच्या ‘फंक्शन’ मेनूत ‘रेसिडेंट’ आणि ‘स्टार्टअप’ या दोन्हींवर खूण केली की ते संगणकाबरोबर सुरू होऊन घड्याळाशेजारी बसते आणि ठरावीक अंतराने ड्राइव्हला विचारत राहते. ‘हेल्थ स्टेटस सेटिंग’मध्ये उरलेल्या आयुष्याची इशारा-मर्यादा २० वर आणा. नवी ड्राइव्ह मागवून बसवायला हातात पुरेसा अवधी राहतो.

आकडे वाचताना एक अडचण येते. या साधनात कच्चे आकडे मुळात षोडशमान पद्धतीत असतात, म्हणून मध्येच अक्षरे दिसतात आणि वाचणारा घाबरतो. ‘फंक्शन’, ‘अ‍ॅडव्हान्स्ड फीचर’, ‘रॉ व्हॅल्यूज’मध्ये जाऊन ‘१० डेसिमल’ निवडा.

एनव्हीएमई ड्राइव्हमध्ये कोणत्या ओळी बघायच्या? ‘पर्सेंटेज यूज्ड’ म्हणजे झिजलेला भाग. नव्या ड्राइव्हला ०, आणि १०० च्या पुढेही जाऊ शकतो. १०० म्हणजे हमीतली झीज पूर्ण झाली, त्याच दिवशी ड्राइव्ह मरते असे नाही. ‘अव्हेलेबल स्पेअर’ १०० वरून खाली सरकू लागला तर ती जास्त काळजीची गोष्ट, कारण राखीव ब्लॉक वापरले जात आहेत. ‘मीडिया अँड डेटा इंटिग्रिटी एरर्स’ शून्यच हवा. ‘डेटा युनिट्स रिटन’मधला एक युनिट ५,१२,००० बाइटचा, म्हणजे दोन कोटी युनिट दिसले तर १०.२४ टेराबाइट लिहून झाले.

आणि ‘अनसेफ शटडाउन्स’. पावसाळ्याच्या सुरुवातीला हा आकडा कागदावर लिहून ठेवा आणि चवथीला परत बघा. तो भराभर वाढत असेल तर संगणकाची वीज दर वेळी अचानक तुटते आहे, आणि तुमचा पुढचा खर्च यूपीएसवर व्हायला हवा.

बिघाड दिसताच पडद्यावर चिठ्ठी

ड्राइव्हने त्रास दिला की विंडोज गुपचूप नोंद करते आणि पुढे जाते. ती नोंद झाल्याक्षणी समोर काहीतरी उघडावे अशी व्यवस्था टास्क शेड्युलरमध्ये करता येते. नोटपॅडमध्ये मोठ्या स्पष्ट शब्दांत एक फाइल लिहा: ‘डिस्कमध्ये दोष दिसला आहे. आधी बॅकअप घ्या. संगणक बंद-चालू करत बसू नका.’ ती सी ड्राइव्हवर एका साध्या नावाच्या फोल्डरमध्ये ठेवा. फोल्डरच्या नावात मोकळी जागा नको.

नवे टास्क करा. या वेळी ‘सिस्टिम’ खाते नको, तुमचेच खाते आणि ‘रन ओन्ली व्हेन यूजर इज लॉग्ड ऑन’. सिस्टिमच्या नावाने चालवलेले नोटपॅड तुमच्या पडद्यावर येतच नाही. ‘ट्रिगर्स’मध्ये ‘ऑन अ‍ॅन इव्हेंट’ घ्या. ‘लॉग’ सिस्टिम, ‘सोर्स’ डिस्क, ‘इव्हेंट आयडी’ ७. असेच आणखी दोन ट्रिगर ५२ आणि १५३ साठी घाला. ७ म्हणजे खराब ब्लॉक, ५२ म्हणजे ड्राइव्ह स्वतःच बिघाडाचे भाकीत करते आहे, १५३ म्हणजे वाचण्या-लिहिण्याचा प्रयत्न पुन्हा करावा लागला. ‘अ‍ॅक्शन्स’मध्ये प्रोग्राम नोटपॅड आणि आर्ग्युमेंटमध्ये त्या फाइलचा पूर्ण पत्ता. ‘डिस्प्ले अ मेसेज’ हा पर्याय यादीत दिसला तरी घेऊ नका, तो आता चालत नाही.

१५३ एकदाच दिसला तर घाबरण्यासारखे नाही. साटा ड्राइव्ह असेल तर आधी केबल काढून घट्ट बसवा. तो पुन्हा पुन्हा येऊ लागला, किंवा ५२ एकदा जरी आला, तर त्या दिवशी दुसरे काही करू नका, बॅकअप घ्या.

वीज, दमट हवा आणि उष्णता

घरगुती ड्राइव्हमध्ये वीज अचानक गेल्यावर शेवटचे लिखाण पूर्ण करून देणारे कपॅसिटर सहसा नसतात, ते महागड्या सर्व्हर ड्राइव्हमध्ये असतात. म्हणून डेस्कटॉपला यूपीएस हवाच. ६०० व्हीएचा साधा यूपीएस घरच्या संगणकाला काही मिनिटे देतो, तेवढी फाइल साठवून बंद करायला पुरतात. पण घरात कोणी नसताना वीज गेली तर? त्यासाठी यूएसबी पोर्ट असलेला यूपीएस बघून घ्या. केबल जोडल्यावर विंडोजला तो लॅपटॉपच्या बॅटरीसारखा दिसतो. मग ‘पॉवर ऑप्शन्स’च्या प्रगत सेटिंग्जमध्ये ‘बॅटरी’खाली ‘क्रिटिकल बॅटरी अ‍ॅक्शन’ला ‘हायबरनेट’ किंवा ‘शट डाउन’ करा आणि ‘क्रिटिकल बॅटरी लेव्हल’ ३० टक्क्यांवर आणा. मूळ सेटिंगचे पाच-सात टक्के जुन्या यूपीएसमध्ये दोन-चार सेकंदांत संपतात.

घरी इन्व्हर्टर आहे म्हणून यूपीएस नको, असे ठरवण्यापूर्वी इन्व्हर्टरच्या मागचे बटण बघा. बऱ्याच इन्व्हर्टरना ‘यूपीएस’ आणि ‘इको’ किंवा ‘नॉर्मल’ असे दोन मोड असतात. इको मोडमध्ये वीज बदलायला इतका वेळ लागतो की पंखा चालूच राहतो, पण संगणक रिस्टार्ट होतो.

वीज खात्याच्या दुरुस्तीकामामुळे अमुक भागात वीज नसेल, अशी सूचना वर्तमानपत्रात येते. रविवारच्या टास्कला त्याने धक्का लागत नाही, वर लावलेली चुकलेल्या कामाची खूण ते सांभाळते. गडगडाटात मात्र यूपीएसवर विसंबू नका. जूनच्या सुरुवातीला आणि ऑक्टोबरच्या संध्याकाळी ढग दाटले की संगणक रीतसर बंद करून प्लग काढा, आणि राउटरचा अडॅप्टर व त्याची केबलही.

किनाऱ्याजवळच्या घरांत खारी दमट हवा जोडणीच्या सोनेरी पट्ट्यांवर बसते. एम.२ ड्राइव्ह (मदरबोर्डवर खोचायची पट्टीसारखी ड्राइव्ह) काढून टॉर्चच्या उजेडात तिची कड तिरकी धरली तर कधी कधी पट्ट्यांवर निस्तेज डाग दिसतात. ९९ टक्क्यांचे आयसोप्रोपिल अल्कोहोल मऊ, धागे न सुटणाऱ्या कापडावर घेऊन पट्टीच्या लांबीच्या दिशेने एकदा-दोनदा पुसा, पाच मिनिटे सुकू द्या आणि परत बसवा. खोडरबराने घासू नका, वरचा सोन्याचा थर फार पातळ असतो. पावसाळ्यात संगणक आठवड्यातून एकदा तासभर तरी चालू ठेवा. आतली उष्णता ओल घालवते आणि ड्राइव्हला आपली साफसफाई करायला फावला वेळ मिळतो.

तापमानाचे म्हणाल तर अनेक घरगुती ड्राइव्हची कामाची मर्यादा ७० अंश सेल्सियस दिलेली असते. मे महिन्यात पंख्याशिवायच्या खोलीत मोठी फाइल कॉपी करताना एनव्हीएमई तिथवर सहज पोचते आणि स्वतःचा वेग कमी करते. मदरबोर्डबरोबर आलेला पातळ हीटसिंक (उष्णता शोषून घेणारी धातूची पट्टी) कपाटात पडलेला असेल तर तो बसवा, मात्र थर्मल पॅडवरचे प्लॅस्टिक काढायला विसरू नका.

फर्मवेअर

हे काम आपोआप करू नये असे आमचे ठाम मत आहे, पण त्याची तपासणी मात्र नियमित हवी. फर्मवेअरच्या दोषाने धडधाकट ड्राइव्ह गेल्याची उदाहरणे आहेत. क्रुशियलची एम४ ही ड्राइव्ह ५,१८४ तास चालल्यावर अडखळू लागायची, त्यावर २०१२ मध्ये फर्मवेअर निघाले. सॅमसंगच्या ९८० प्रोमध्ये एका ठरावीक आवृत्तीमुळे काही ड्राइव्ह केवळ वाचता येण्याच्या स्थितीत अडकल्या आणि कंपनीने नवी आवृत्ती दिली. दोष लागण्याआधी अपडेट केलेल्यांचे नुकसान टळले.

तीन महिन्यांतून एकदा कंपनीचे साधन उघडा: सॅमसंगसाठी मॅजिशियन, क्रुशियलसाठी स्टोरेज एक्झिक्युटिव्ह, किंग्स्टनसाठी एसएसडी मॅनेजर. आठवणीसाठी फोनच्या कॅलेंडरमध्ये नोंद पुरे. अपडेटपूर्वी बॅकअप घ्या, यूपीएस चालू आहे ना ते बघा, आणि बिटलॉकर किंवा डिव्हाइस एन्क्रिप्शन (ड्राइव्हवरची माहिती कुलूपबंद करणारी विंडोजची सोय) चालू असेल तर रिकव्हरी की कागदावर उतरवून घ्या. आकाशात ढग असतील तर दुसऱ्या दिवशी करा.

बॅकअप

कंट्रोल पॅनलमधली ‘फाइल हिस्टरी’ घरासाठी पुरेशी आहे. बाहेरची हार्ड डिस्क जोडा, ‘टर्न ऑन’ करा. मुळात ती दर तासाला प्रत घेते आणि जुन्या प्रती कायम ठेवते. ‘अ‍ॅडव्हान्स्ड सेटिंग्ज’मध्ये अंतर रोज एक आणि मुदत एक वर्ष करा, नाहीतर डिस्क भरून काम थांबेल. डी ड्राइव्हवर स्वतः केलेले फोल्डर तिला दिसत नाहीत. भजनाचे रेकॉर्डिंग, गावच्या नाटकाचे व्हिडिओ तिथेच ठेवलेले असतील तर ते फोल्डर विंडोजच्या एखाद्या लायब्ररीत (‘व्हिडिओज’सारख्या एकत्रित यादीत) जोडा. डिस्क कायम जोडून ठेवू नका, एकच वीज दोन्ही जाळील. रविवारी अकराला जोडून दुपारी काढून ठेवा.

लिनक्स आणि मॅक

उबंटूत ‘एफएसट्रिम’चा टायमर आधीच आठवड्याला लावलेला असतो आणि चुकलेली फेरी तो नंतर भरून काढतो. टर्मिनलमध्ये सिस्टिमसीटीएलने त्याची स्थिती विचारली की पुढची तारीख दिसते. ड्राइव्ह लक्सने (लिनक्सच्या कुलूपबंद करण्याच्या पद्धतीने) एन्क्रिप्ट केलेली असेल तर ‘क्रिप्टटॅब’ फाइलमध्ये ‘डिस्कार्ड’चा पर्याय आहे ना ते बघा, नसेल तर ट्रिम खालपर्यंत पोचत नाही. इशाऱ्यासाठी ‘स्मार्टमॉनटूल्स’ घाला. मॅकमधल्या अ‍ॅपलच्या स्वतःच्या ड्राइव्हला काही करावे लागत नाही.

घर काही महिने बंद असेल तर

तारवटी (जहाजावर काम करणारे) किंवा आखातात नोकरीला असलेल्यांची घरे सहा-आठ महिने बंद राहतात आणि संगणक आत तसाच असतो. विजेशिवाय ठेवलेली एसएसडी माहिती अनंत काळ धरून ठेवत नाही. जेडेक या चिप उद्योगाच्या मानक संस्थेच्या मानकाप्रमाणे हमीतली झीज पूर्ण झालेल्या घरगुती ड्राइव्हने ३० अंशांत एक वर्ष माहिती टिकवावी अशी अपेक्षा असते. कमी वापरलेली ड्राइव्ह बरीच जास्त टिकवते, पण बंद खोलीत उन्हाळ्यात ३० अंश कुठले राहतात?

निघण्याआधी फाइल हिस्टरीची एक पूर्ण फेरी करा आणि ती हार्ड डिस्क सिलिका जेलच्या दोन पुड्यांसह हवाबंद डब्यात घालून नातेवाइकांकडे ठेवा. संगणकाचे सगळे प्लग काढा. शेजारी कोणी विश्वासाचे असेल तर पावसाळ्यानंतर एकदा, दिवाळीच्या सुमारास, संगणक लावून तीन-चार तास नुसता चालू ठेवायला सांगा. परत आल्यावर आधी ड्राइव्हच्या कडेच्या सोनेरी पट्ट्या बघा. मग संगणक लावा आणि लगेच कामाला न बसता तासभर तसाच राहू द्या. तेवढ्यात चुकलेले रीट्रिम होऊन जाईल. इव्हेंट व्ह्यूअरमध्ये २५८ ची नवी नोंद दिसली आणि ‘मीडिया अँड डेटा इंटिग्रिटी एरर्स’ अजून शून्यावर असला, की बॅकअपची डिस्क परत आणून नवी प्रत घ्यायला हरकत नाही.